लाखांदूर कुणाच्याच वाटेवर नाही

जुन्या प्रवाशांच्या वाटेने गाडी काढून निघायची हौस मराठी मध्यमवर्गात आता चांगलीच रुजली आहे. आषाढात पन्हाळा ते पावनखिंड चालणाऱ्यांची रीघ लागते. आग्र्याच्या सुटकेची वाट धुंडाळण्याच्या मोहिमा निघतात. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ हाताशी ठेवून वरसई ते झाशी असा बेतही सहज आखता येतो. या हौसेत गैर काही नाही. पुस्तकात वाचलेली नदी डोळ्यांनी पाहावी असे वाटणे हे वाचनाचे चांगले लक्षण आहे. प्रश्न पडतो तो या प्रवासांच्या रीतीबद्दल. एक नामवंत माणूस निवडायचा, तो जिथे थांबला ती गावे नकाशावर जोडायची आणि ती रेघ म्हणजे इतिहास समजून तिच्यावरून गाडी हाकायची, अशी ही रीत आहे. तिची पारख करायला भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे लाखांदूर फार सोयीचे आहे, कारण माझ्या माहितीतल्या कोणत्याही नामांकित प्रवाशाची रेघ या गावावरून जात नाही. आजूबाजूने मात्र अनेक जातात.

उत्तरेकडून सुरुवात करू. 1790 साली डॅनियल लेकी नावाचा इंग्रज कटकहून नागपूरला आला. त्याचे रोजनिशीवजा वर्णन 1800 साली लंडनला छापले गेले. तो डोंगरगडावरून आला, म्हणजे लाखांदूरच्या बराच ईशान्येकडून. दक्षिणेकडून 1795 साली कॅप्टन जेम्स ब्लंट गेला. त्याची वाट वैरागडावरून होती आणि वैरागड लाखांदूरहून वडसा-आरमोरीमार्गे पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. पश्चिमेला हिंगणघाटात विल्यम लॅम्बटनची कबर आहे. कन्याकुमारीकडून उत्तरेकडे रेखावृत्ताची मोजणी करत आलेला हा माणूस 20 जानेवारी 1823 रोजी तिथे वारला. आणि या सगळ्यांच्या बाराशे वर्षे आधी चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग कलिंगातून कोसलात आणि तिथून आंध्रात गेला. तो नेमका कुठून गेला यावर विद्वानांचे वाद झाले आणि त्या वादात वैरागडाचेही नाव आले. इतक्या रेघांच्या मधोमध असून लाखांदूर मोकळेच राहिले. प्रवाशांच्या वाटेवर निघालेली गाडी इथे आली तरी डिझेल भरायलाच थांबेल. माझे म्हणणे असे की, यात लाखांदूरचे उणेपण काही नाही, उणीव त्या रेघांमध्ये आहे. मागोवा घ्यायचाच असेल तर तो प्रवाशाचा न घेता वाटेचा घ्यावा. वाट प्रवाशाच्या आधीची असते, ती राबती ठेवणारी माणसे वेगळी असतात, आणि नामवंत प्रवासी तिच्यावरून बहुधा एकदाच जातो.

ब्लंटचेच उदाहरण नीट पाहू, कारण तो या भागाच्या सर्वांत जवळ आला आणि त्याने लिहूनही ठेवले. कंपनी सरकारला तेव्हा बंगालमधून उत्तर सरकारांकडे, म्हणजे आजच्या आंध्रच्या किनाऱ्याकडे, जाणारी आतली वाट हवी होती. मधला मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. ब्लंट 1795 च्या जानेवारीत गंगेकाठच्या चुनारहून निघाला आणि रतनपूर, रायपूर, कांकेर असा खाली आला. रतनपूरला भोसल्यांचा सुभेदार विठ्ठलराव दिनकर होता. ब्लंटच्या लिखाणात हा मराठी कारभारी भेटतो तेव्हा एक गोष्ट लगेच लक्षात येते. हा मुलूख कंपनीला अज्ञात असेल, पण तिथे सुभा होता, वसुली होती, दस्तक चालत होते. ब्लंट पुढे सरकला तो त्या कारभाराच्या आधाराने. जिथे तो कारभार संपला तिथे त्याची चालही खुंटली. बस्तरमधून थेट दक्षिणेला उतरण्याचा बेत फसला, गोंडांनी अडवले, मागे फिरावे लागले आणि अखेर बरेच पश्चिमेकडून वळसा घेऊन त्याने गोदावरी गाठली. म्हणजे आज जी ‘ब्लंटची वाट’ म्हणून नकाशावर काढता येते, तिची अर्धी वळणे दुसऱ्यांच्या होकारांनी आणि नकारांनी ठरलेली आहेत. वैरागडात त्याला काय दिसले? वऱ्हाडातला कापूस आणि समुद्रकाठचे मीठ यांची देवघेव, आणि ती करणारे बंजाऱ्यांचे तांडे. कंपनीच्या अधिकाऱ्याला जी वाट शोधून काढायची होती, तिच्यावर मिठाच्या गोण्या लादलेले बैल आधीच चालत होते. लेकीच्या पुस्तकाच्या तर नावातच ‘दक्षिण बंजारा घाट’ आहे. घाटाला कुणाचे नाव लावायचे हे त्याच्या आधीच्या लोकांनी ठरवून टाकले होते, आणि त्याने ते प्रामाणिकपणे छापले.

जेम्स रेनेलने अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानचा मोठा नकाशा केला. त्यात नागपूर, ओरिसा आणि सरकारांचा किनारा यांमधला पट्टा जवळजवळ कोरा होता, आणि तो भरायला ब्लंटसारखे लोक पाठवले गेले. त्या कोऱ्या जागेच्या पश्चिम कडेला काय होते ते पाहा. लाखांदूरच्या पश्चिमेला, वैनगंगेच्या पलीकडच्या काठावर पवनी आहे. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या त्या कामातून सुमारे चाळीस मीटर व्यासाचा, म्हणजे सांचीच्या थोरल्या स्तूपाच्या तोडीचा, विटांचा स्तूप उजेडात आला. त्याच्या भोवतीच्या कठड्याचे खांब वेगवेगळ्या माणसांनी दिलेले, आणि देणाऱ्यांची नावे ब्राह्मीत खांबांवर कोरलेली. एका खांबावर मुचलिंद नाग आपल्या नावानिशी उभा आहे. त्याआधी पवनीतच भार राजा भगदत्ताचा लेख मिळाला होता, तो वा. वि. मिराशींनी प्रसिद्ध केला. महाक्षत्रप रुपिअम्म याच्या नावाचा स्तंभही पवनीचाच. नागभीडकडच्या देवटेकच्या शिळेवर प्राण्यांना पकडू नये, मारू नये अशी मौर्यकाळातली आज्ञा आहे, आणि त्याच शिळेवर पुढे वाकाटक रुद्रसेनाच्या काळचा लेख कोरलेला आहे. राजाज्ञा पोचते, क्षत्रपाचा माणूस येतो, स्तूपाला दाते मिळतात, हे वाटांशिवाय होत नाही. या वाटा वैनगंगेच्या दोन्ही काठांनी होत्या आणि नदी ओलांडायला उतार होते. चुलबंद जिथे वैनगंगेला मिळते तो लाखांदूरचा परिसर अशा दळणवळणाच्या बाहेर राहिला असेल हे मला पटत नाही. तसा लेख लाखांदूरला सापडलेला नाही, म्हणून हे अनुमानच मानावे. पण रेनेलची कोरी जागा हाही पुरावा नव्हता. कलकत्त्याच्या कचेरीत माहिती पोचलेली नव्हती एवढेच तिच्यावरून सिद्ध होते.

ह्युएनत्संगाच्या बाबतीत तर गंमतच आहे. त्याच्या नावाने देशात किती तरी यात्रा आखल्या जातात. त्याने कलिंगाहून वायव्येला 1800 ली गेल्यावर कोसल लागते असे लिहिले. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम एका मैलाला सहा ली धरायचा, म्हणजे हे अंतर 300 मैल झाले. आता कलिंगाची राजधानी नेमकी कुठे मानायची आणि डोंगरातल्या वळणांना किती वजावट द्यायची, यावर ते 300 मैल चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, संपतात, भांदकला संपतात किंवा छत्तीसगडात संपतात. कनिंगहॅमचा कल चांद्याकडे होता, फर्ग्युसनने वैरागडाची बाजू घेतली. पुढे मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी 1950 च्या दशकात सिरपूरला उत्खनन केले, बौद्ध विहार निघाले आणि तराजू छत्तीसगडाकडे झुकला. तेव्हा या टापूत ‘ह्युएनत्संगाच्या वाटेने’ निघालेला माणूस रस्त्यावरून चालत नसतो, एकोणिसाव्या शतकातल्या एका वादावरून चालत असतो. वादावरूनही चालावे, पण तसे सांगून. सहलीच्या पत्रकात ठळक तुटक रेघ छापली की वाद गिळला जातो आणि अंदाजाला फलकाची प्रतिष्ठा येते.

इथे कुणी म्हणेल, हा सगळा उलटा अन्याय आहे. ब्लंट, लॅम्बटन यांनी जे केले ते तांड्यांनी केले नव्हते. लॅम्बटनने अर्ध्या टनाचा थिओडोलाइट डोंगरमाथ्यांवर चढवला, एकेक कोन वारंवार मोजला, आणि त्या मोजणीतून पृथ्वीच्या आकाराविषयी जगाला नवे ज्ञान मिळाले. बंजाऱ्याला वाट ठाऊक होती, अक्षांश ठाऊक नव्हते. हा आक्षेप खरा आहे आणि तो मी पूर्ण मान्य करतो. मोजणी ही स्वतंत्र कर्तबगारी आहे आणि इंग्रजांनी केली म्हणून ती कमी होत नाही. पण तिचे श्रेय देताना ती कोणत्या खांद्यांवरून आली हे सांगायला काय हरकत आहे? अवजड यंत्र वर नेणारे खलाशी, दूरच्या टेकडीवर निशाण धरून उन्हात उभे राहिलेले लोक, रानतापाने दगावलेले, यांची नावे कुठे आहेत? आफ्रिकेच्या इतिहासाने ही चूक थोडीफार दुरुस्त केली आहे, आणि तिथे महाराष्ट्राचाही धागा आहे. बर्टन आणि स्पीक 1857 मध्ये टांगानिका सरोवराकडे निघाले ते अरब आणि न्यामवेझी व्यापाऱ्यांच्या जुन्या काफिला-वाटेने. त्यांच्याबरोबरचा सिदी मुबारक बॉम्बे हा गुलाम म्हणून हिंदुस्थानात आलेला, इथेच वाढलेला माणूस. पुढे स्पीक, स्टॅन्ली, कॅमेरॉन या सगळ्यांच्या मोहिमा त्याच्यावर विसंबल्या. नाशिकच्या शरणपूरला शिकलेला जेकब वेनराइट लिव्हिंगस्टनच्या मृत्यूनंतर त्याचे शव समुद्रापर्यंत नेणाऱ्यांत होता. 1874 च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हा शवपेटीला त्याचाही हात होता. आज या दोघांवर लिहिले जाते, त्यांची नावे घेतली जातात, आणि त्यामुळे लिव्हिंगस्टन लहान झालेला नाही. वैरागडाहून पुढे ब्लंटला वाट दाखवणाऱ्यांच्या वाट्याला हे आले नाही.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे. वाटेचा मागोवा घ्या म्हणणे सोपे, पण वाट लिहून ठेवत नाही. बंजाऱ्यांनी रोजनिशी ठेवली नाही, नाव चालवणाऱ्या ढिवरांनी डोंग्याच्या फेऱ्यांचा हिशेब ठेवला नाही. मग लेखी पुरावा असलेल्या प्रवाशाला सोडून धरायचे काय? याचे उत्तर मराठीच्याच पोतडीत आहे. महानुभावांनी सातशे वर्षांपूर्वी एक वेगळी रीत घालून दिली. चक्रधरस्वामी ज्या ज्या ठिकाणी गेले, त्या ठिकाणांची नोंद स्थानपोथीत आहे. कोणत्या गावात, कोणत्या देवळात, कोणत्या दिशेला बसले, कुठे वसती झाली, इतक्या बारकाईने. अनुयायी ती घेऊन फिरले, स्थाने वंदिली, नव्या नोंदी जोडल्या. नामवंताची वाट धरण्याचाच हा प्रकार, पण त्यात रेघेपेक्षा ठिकाण मोठे आहे. सोबतीला लीळाचरित्र आहे. त्यात स्वामींशी बोलणारे, त्यांना जेवू घालणारे, त्यांच्याशी भांडणारे लोक आपापल्या नावागावानिशी येतात. निळभट्ट भांडारेकार हा त्यातला एक, आपल्याच भंडाऱ्याचा. तेराव्या शतकातल्या वाटसरूला कोण भेटले हे आपण सांगू शकतो, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीला कॅप्टनला नदी कुणी ओलांडून दिली हे सांगू शकत नाही. लिहिणे-न लिहिणे हा साक्षरतेचा जितका प्रश्न आहे तितकाच कुणाला मोजायचे याचा आहे. पुरावा नाही म्हणण्याआधी पुरावा कशाला म्हणतो ते तपासावे लागते.

आणि लाखांदूरच्या वाटेला पुरावा नाही असे म्हणवत नाही, तो कागदावर नाही इतकेच. या पट्ट्यातले कोहळी समाजाने बांधलेले तलाव घ्या. गोंड राजांच्या काळापासून कोहळी ओढे अडवत, पाळी घालत गेले, आणि नवेगावबांधसारखे मोठे तलाव त्यातूनच झाले. मालगुजारी 1951 मध्ये संपली. तेव्हापासून कागदोपत्री हे ‘माजी मालगुजारी’, म्हणजे बोलण्यात ‘मामा तलाव’. जिथे तलाव तिथे बैलांना पाणी, जिथे पाणी तिथे तांड्याचा मुक्काम. खुष्कीच्या वाटा उन्हाळ्यात पाण्यावरून ठरतात, हे मोटारीत बसलेल्याच्या ध्यानात येत नाही. लाखांदूर तालुक्यातले एखादे साधे गाव घेतले तरी क्रम तोच दिसतो. वर तलाव नाहीतर बोडी, खाली उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या, आणि बांध्यांच्या धुऱ्यावरून गेलेली, बंडी जाईल इतकीच रुंद पांदण. चिखलणीच्या दिवसांत ती वाट बंद, धान कापून झाले की पुन्हा सुरू. जुने प्रवासी थंडी-उन्हाळ्यात निघत, ब्लंट जानेवारीत निघाला, त्यामागे हेच गणित आहे. त्यांनी पाहिलेला मुलूख हा सहा महिन्यांचा मुलूख होता. उरलेल्या सहा महिन्यांत ही भूमी वेगळीच असते. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला तेव्हा भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरीपर्यंत काठची गावे पाण्यात गेली. कुठली वाट टिकते आणि कुठली नाही, हे त्या चार दिवसांत काठच्या माणसाला जितके कळले तितके कोणत्याही प्रवासवर्णनातून कळणार नाही.

वाटेचा मागोवा म्हणजे केवळ भूतकाळ उकरणे असेही नाही. लाखांदूरहून वडसा हाकेच्या अंतरावर, आणि वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे ठाणे. दिवाळी झाली, मंडया भरू लागल्या की तिथल्या नाटक कंपन्या बाहेर पडतात. सामान, पडदे, नट-नट्या घेऊन गाड्या रात्र-रात्र गावोगाव फिरतात, धानाच्या मोकळ्या बांधीत मंडप पडतो, नाटक पहाटेपर्यंत चालते आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुढच्या गावी. होळीपर्यंत हा फेरा चालू. या मोसमाचा नकाशा काढला तर भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या चारही जिल्ह्यांतल्या कोणत्या वाटा लोकांच्या आहेत ते स्पष्ट दिसेल. जिल्ह्यांच्या हद्दी त्यात कुठेच दिसणार नाहीत. मला तर असे वाटते की, बंजाऱ्यांच्या मोसमी फेऱ्यांचे आजचे वारसदार शोधायचे तर सुरत-पारादीप महामार्गावरच्या ट्रकांपेक्षा ते वडशाच्या नाटकाच्या गाडीत लवकर सापडतील. मालाची जागा करमणुकीने घेतली आहे, मोसम आणि रानावनातून जाणारी वाट तीच आहे.

उरतो व्यवहाराचा आक्षेप. नाव असल्याशिवाय पर्यटक येत नाही. पवनीला स्तूप आहे, वैरागडाला किल्ला आणि हिऱ्यांच्या खाणींची ख्याती आहे, ‘आइने-अकबरी’त तिचा उल्लेख आहे, मग ह्युएनत्संग नाहीतर ब्लंट यांचा फलक लावून लाखांदूरवरून एखादी सहल काढली तर दोन पैसे मिळतील, त्यात बिघडले काय? बिघडते ते असे. नावावर उभी राहिलेली सहल नावावरच थांबते. पवनीला गाडी थांबेल, वैरागडाला थांबेल, आणि मधल्या रस्त्यावर चहालाही थांबणार नाही. सिरपूरकडे तराजू झुकल्यावर वैरागडाच्या ह्युएनत्संगाची जी गत झाली, तीच उद्या कोणत्याही फलकाची होऊ शकते. याउलट पवनी, लाखांदूर, वडसा, आरमोरी, वैरागड असा वैनगंगेच्या साथीने जाणारा रस्ता घेतला, तर त्यात मौर्यकाळापासून मिठाच्या बैलांपर्यंत आणि कोहळ्यांच्या पाळीपासून नाटकाच्या मंडपापर्यंत सलग काही सांगता येते आणि मधले प्रत्येक गाव त्यात बसते. त्यासाठी खोटे काही बोलावे लागत नाही. शिवाय लेकी आणि ब्लंट त्यातही हवेतच, साक्षीदार म्हणून. त्यांनी जे पाहिले ते नेमके पाहिले. त्यांचे वर्णन जमिनीशी ताडून पाहावे, जिथे ते चुकले तिथे चुकले म्हणावे, आणि जिथे त्यांनी एखाद्या माणसाला नुसते ‘वाटाड्या’ म्हटले तिथे थोडे थांबावे.

मात्र या कामाला मुदत आहे. 1988 साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाने पवनीच्या वरची नदी बदलली आहे, खालच्या पाण्याची चढउतार आता दारे उघडण्यावर ठरते. पूल झाले आणि डोंग्याचे घाट मोडले. पूल हवेच होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण वैनगंगा आणि चुलबंद यांवर कुठे कुठे उतार होता, डोंगा कुणाच्या घरचा होता, बंडी कोणत्या महिन्यात पार व्हायची, बाजाराला कुठल्या गावचे लोक कोणत्या घाटाने यायचे, हे सांगणारी ढिवर आणि कोहळी घरांतली म्हातारी माणसे अजून आहेत. लाखांदूर, पवनी आणि वडशाच्या महाविद्यालयांतल्या इतिहास आणि मराठीच्या विभागांनी धान निघाल्यावरच्या एका हिवाळ्यात मुलांना काठाकाठाने पाठवावे आणि घाटांची यादी करून घ्यावी. गावाचे नाव, घाटाचे नाव, डोंगा हाकणाऱ्याचे नाव, एवढे तीन रकाने पहिल्या खेपेला पुरतील.